मारिया कॅलासचा आवाज इतक्या लवकर का गेला?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलीला ऑपेरा शिकायचा आहे, तिच्या शिक्षिकेने ऑपेरा गायिका मारिया कॅलास ऐकायला सांगितलं. घरात सगळे हिंदुस्थानी संगीत ऐकणारे. त्यांना कॅलासचा आवाज गोड वाटला नाही, आणि वरचा सूर चक्क हलताना ऐकू आला. मग तिला एवढं मोठं का मानतात? आणि तिने वजन उतरवलं म्हणून आवाज गेला, हे खरं का?

आधी हे सांगते की तुमच्या कानांनी बरोबर पकडलंय. कॅलासचा आवाज गोड नव्हता. तिच्या ऐन भरातही इटलीतले अर्धे रसिक हेच म्हणत होते आणि रेनाता तेबाल्दीचा मधासारखा आवाज ऐकायला जात होते. वरच्या षड्जाच्या आसपास तिचा सूर हलायचा, हेही खरं. मी गेली बरीच वर्षं मुंबईत पाश्चात्त्य पद्धतीचं गायन शिकवते. विद्यार्थ्यांना कॅलास ऐकवते तेव्हा हे दोष झाकत नाही. ते झाकले की तिचं गाणं कळत नाही.

सूर हलतो म्हणजे नेमकं काय होतं? ऑपेरातल्या प्रत्येक तयार आवाजात एक नैसर्गिक कंप असतो, सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा. तो इतका बारीक आणि नियमित असतो की कानाला एकच भरीव सूर ऐकू येतो. हा कंप मंदावला आणि वर-खाली जास्त फाकला की सूर डगमगतो. हिंदुस्थानी कानांना तर साधा कंपही खटकतो, कारण आपल्याकडे सूर स्थिर लागणं ही पहिली परीक्षा. म्हणून तुम्हाला सगळाच ऑपेरा सुरुवातीला हलल्यासारखा वाटेल. कॅलासचं मात्र त्यापलीकडचं आहे, आणि १९५८ नंतरच्या ध्वनिमुद्रणांत ते लपत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ऐकली नक्की असेल. तिच्या गळ्यात जणू तीन बायका गातात. खाली दाट, गडद चेस्ट व्हॉइस, म्हणजे छातीत घुमणारा आवाज. मधे थोडा घुसमटलेला, बाटलीतून आल्यासारखा आवाज. वर धारदार, टोचणारी तार. सोप्रानोच्या, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीच्या गायिकेच्या, गळ्यात मध्यसप्तकाच्या सुरुवातीला एक सांधा असतो आणि तारसप्तकाकडे जाताना दुसरा. हे सांधे ऐकू येऊ नयेत यासाठी आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं घासून घेतो. कॅलासचे सांधे कधीच पूर्ण मिटले नाहीत. फरक एवढाच की तिने त्यांना कामाला लावलं. ‘तोस्का’च्या दुसऱ्या अंकात जुलमी पोलीसप्रमुख स्कार्पियाला भोसकल्यावर तोस्का त्याच्या प्रेताकडे पाहून म्हणते, याच माणसापुढे सारं रोम थरथरत होतं. पुच्चिनीने ही ओळ एकाच खालच्या सुरावर ठेवली आहे. तिथे कॅलास गाण्यातून जवळजवळ बोलण्यात उतरते आणि चेस्ट व्हॉइस असा लावते की अंगावर काटा येतो. सगळीकडे सारखा, गुळगुळीत आवाज असलेल्या गायिकेला ते जमत नाही, कारण तिच्याकडे तो दुसरा रंगच नसतो.

हा आवाज असा का घडला, ते कळण्यासाठी तिची सुरुवात पाहायला हवी.

जन्म न्यूयॉर्कचा, २ डिसेंबर १९२३. आईवडील ग्रीक, आडनाव कालोगेरोपूलोस. अमेरिकेत ते छाटून कॅलास झालं. वडिलांचं औषधाचं दुकान होतं. आईवडिलांचं पटत नव्हतं, आणि १९३७ मध्ये आई मुलींना घेऊन अथेन्सला परतली. तिथल्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीत प्रवेशाला वय कमी पडत होतं, तर आईने ते वाढवून सांगितलं. पुढे एल्विरा दे हिदाल्गो ही स्पॅनिश गायिका तिची गुरू झाली. हिदाल्गो स्वतः कोलोरातुरा सोप्रानो, म्हणजे हलक्या, तानाबाजीच्या आवाजाची. समोर आलेली मुलगी मात्र जाड, चष्मेवाली, दणदणीत गडद आवाजाची. हिदाल्गोने त्या जड आवाजाला खटके, मुरक्या, सरळ आणि उलट ताना, ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची जलद अदलाबदल) असं सगळं हलक्या आवाजाचं शिक्षण दिलं. कॅलास सकाळी यायची आणि इतरांच्याही शिकवण्या ऐकत संध्याकाळपर्यंत बसायची. सगळ्यात कच्च्या विद्यार्थ्याकडूनही काहीतरी मिळतं, असं ती नंतर सांगायची. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण त्याच वेळी अथेन्सवर नाझी फौजांचा ताबा होता, शहरात उपासमार होती आणि गाणं हे पोटाचं साधन होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये तिने पहिल्यांदा ‘तोस्का’ उभी केली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १९४४ मध्ये बेथोवनच्या ‘फिदेलियो’तली लिओनोर, विसाव्या वर्षी. माझ्याकडे अठरा वर्षांची कुणी तोस्का गायला मागितली तर मी तिला घरी पाठवीन. त्या वयात गळ्याचे स्नायू आणि दमसास एवढ्या वाद्यवृंदाला तोंड देण्याइतके पक्के झालेले नसतात. आणि लक्षात घ्या, तिथे मायक्रोफोन नसतो.

१९४५ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली, दोनेक वर्षं फारसं काही घडलं नाही, आणि मग इटलीतून बोलावणं आलं. २ ऑगस्ट १९४७ रोजी वेरोनाच्या रोमनकालीन उघड्या रंगमंडलात पोंकिएल्लीचा ‘ला जिओकोंदा’. वाद्यवृंदाचे संचालक होते तुल्लिओ सेराफिन, आणि ती पुढे सगळं श्रेय हिदाल्गोच्या खालोखाल त्यांनाच द्यायची. वेरोनातच तिला विटांच्या धंद्यातले जोवान्नी बात्तिस्ता मेनेगिनी भेटले, वयाने जवळजवळ तीस वर्षांनी मोठे. १९४९ मध्ये लग्न झालं, आणि नवरा हाच व्यवस्थापक झाला.

आता जानेवारी १९४९, व्हेनिसचं ला फेनिचे थिएटर. माझ्या मते तिची सगळी कहाणी या महिन्यात आहे. ती तिथे वाग्नरच्या ‘वाल्क्युरे’मधली ब्रुनहिल्डे गात होती (इटालियनमध्ये, तेव्हा तसाच प्रघात होता). युद्धाची आरोळी ठोकणारी, पितळी वाद्यांच्या भिंतीवरून आवाज पलीकडे फेकणारी ही भूमिका. त्याच थिएटरात पुढचा प्रयोग बेल्लिनीच्या ‘इ पुरितानी’चा होता, आणि त्यातली एल्विरा गाणारी मार्गेरिता कारोसिओ आजारी पडली. एल्विरा म्हणजे अगदी दुसरं टोक: हलकी, फिरतीची, वेडाच्या प्रवेशात ताना उधळणारी. सेराफिननी कॅलासला सांगितलं, ही तू गाशील. एकीकडे ब्रुनहिल्डेचे प्रयोग चालू ठेवून तिने ती भूमिका काही दिवसांत पाठ केली, आणि १९ जानेवारीला, शेवटच्या ब्रुनहिल्डेनंतर दोन-तीन दिवसांतच, एल्विरा म्हणून उभी राहिली. सारी इटली थक्क झाली. बेल्लिनी, दोनिझेत्ती यांच्या या भूमिका तोवर नाजूक गळ्यांच्या कसरती मानल्या जात. त्या वजनदार आवाजात, खऱ्या दुःखाने गाता येतात, हे लोकांनी पहिल्यांदा ऐकलं.

इथून बेलकांतोचं, म्हणजे बेल्लिनी-दोनिझेत्तींच्या काळातल्या तानाप्रधान गायकीचं, पुनरुज्जीवन सुरू झालं. रोसिनीचा ‘आर्मिदा’ (१९५२), केरुबिनीचा ‘मेदेआ’ (१९५३), दोनिझेत्तीचा ‘आन्ना बोलेना’ (१९५७) ही कपाटात पडलेली कामं तिच्यामुळे रंगमंचावर परत आली. जोन सदरलंड, मोन्सेरात काबाये, बेव्हर्ली सिल्स या गायिकांच्या कारकिर्दी त्या वाटेवरून गेल्या. १९५२ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात कॅलासने बेल्लिनीची ‘नॉर्मा’ गायली, तेव्हा नॉर्माच्या दासीची छोटी भूमिका करणारी मुलगी जोन सदरलंडच होती.

पण व्हेनिसच्या त्याच चमत्कारात मला पुढचा धोकाही दिसतो. १९४७ ते १९५३ या काळात तिने काय काय गायलं पाहा. वाग्नरच्या इसोल्डे, ब्रुनहिल्डे, कुंड्री. पुच्चिनीची तुरांदोत, तीही पुन्हा पुन्हा. वेर्दीची अबिगाइल्ले, जी भल्याभल्यांच्या गळ्याची वाट लावते. लेडी मॅकबेथ, आयदा. आणि याच्या मधेमधे एल्विरा, लुचिया, व्हायोलेत्ता. मेक्सिको सिटीत तर ‘आयदा’च्या विजयदृश्यात तिने वेर्दीने न लिहिलेला तार गंधार, कोमल, सगळ्या वृंदगानावरून फेकला. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ऐकताना मजा येते आणि शिक्षिका म्हणून पोटात गोळाही येतो. जड भूमिकेत स्वरतंतू जास्त जाडीने, जास्त दाबाने काम करतात. फिरतीच्या भूमिकेत ते ताणून पातळ ठेवावे लागतात. एका आठवड्यात दोन्ही करणं तरुणपणी जमतं, पण त्याचा हिशेब नंतर चुकता करावा लागतो.

७ डिसेंबर १९५१ रोजी तिने मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाचा हंगाम वेर्दीच्या ‘सिसिलियन व्हेस्पर्स’ने उघडला आणि पुढची सात वर्षं ते घर तिचं झालं. १९५३-५४ मध्ये तिने सुमारे छत्तीस किलो वजन उतरवलं. कृमीची गोळी घेतली वगैरे कहाण्या तेव्हापासून फिरतात, त्या सोडून द्या.

वजनाने आवाज गेला का? चरबी आवाज निर्माण करत नाही. पण गाताना पोटाच्या, बरगड्यांच्या आणि पाठीच्या स्नायूंवर श्वासाचा आधार तोललेला असतो, आणि हा आधार शरीराच्या सवयीचा असतो. इतक्या झपाट्याने शरीर बदललं की ती सवय मोडते, स्नायूही थोडे झिजतात. त्यामुळे वजनाचा काहीच वाटा नाही असं मी म्हणणार नाही. मात्र तारखा पाहा. वजन उतरल्यावर, २९ सप्टेंबर १९५५ रोजी, बर्लिनमध्ये कारायानच्या संचालनाखाली तिने दोनिझेत्तीची ‘लुचिया’ गायली. त्यातलं सहा जणांचं गाणं लोकांनी पुन्हा गायला लावलं. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला असता, तसाच. ‘आन्ना बोलेना’ १९५७ ची. तिची कितीतरी उत्तम कामं बारीक झाल्यानंतरची आहेत. उलट वरच्या सुरांतला डगमगाट वजन उतरण्याच्या आधीच्या मुद्रणांतही अधूनमधून ऐकू येतो. तेव्हा वजन हे कारण सोयीचं आहे म्हणून गाजलं, असं माझं मत. जड भूमिका फार लवकर आणि फार जास्त झाल्या, सांधे मुळातच उघडे होते, आणि ती जपून गायला शिकलीच नाही. तिच्यावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांनी २००२ मध्ये सांगितलं की १९७५ मध्ये तिला डर्माटोमायोसायटिस हा स्नायू दुबळे करणारा आजार असल्याचं निदान झालं होतं. असेलही. पण त्याची सुरुवात १९५० च्या दशकापर्यंत मागे नेणं मला धाडसाचं वाटतं.

जपून न गाणं म्हणजे काय, हे वेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’त कळतं. २८ मे १९५५, ला स्काला, दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती, संचालक कार्लो मारिया जुलिनी. दुसऱ्या अंकात प्रियकराचा बाप नायिका व्हायोलेत्ताला सांगायला येतो, माझ्या मुलीचं लग्न तुझ्यामुळे अडलंय, माझ्या मुलाला सोड. ती आधी भांडते, मग विनवते, आणि एका क्षणी हरते. त्या हरण्याच्या जागी एक लांब सूर आहे. बहुतेक गायिका तो छान लावतात आणि पुढच्या सुरावळीत शिरतात. कॅलास तो सूर धरून हळूहळू विझवत नेते, इतका की पुढची ओळ सुरू होण्याआधीच तुम्हाला कळतं, हिने हो म्हटलं. शेवटच्या अंकातल्या निरोपाच्या गाण्याचा अखेरचा सूर वेर्दीने आवाजाच्या धाग्यासारखा गायला सांगितला आहे. तो सुरक्षित, भरीव गायला सोपा. कॅलास खरोखर धागा करते. क्षयाने मरणाऱ्या बाईचा श्वास जितका उरेल तितकाच. १९५८ च्या लंडनच्या प्रयोगात तो धागा तुटता तुटता राहतो. माझी एखादी विद्यार्थिनी असं गायली तर मी तिला थांबवीन, कारण तिच्याकडे कॅलासचं बाकीचं काही नसणार.

बाकीचं म्हणजे काय? तिला जवळजवळ दिसत नव्हतं. नजर इतकी अधू की रंगमंचावरून संचालकाची छडीही दिसेना, आणि चष्मा तर लावता येत नव्हता. म्हणून ती अख्खी स्वरलिपी, स्वतःची आणि इतरांची, पाठ करून यायची. वाद्यवृंदाच्या तालमींनाही, जिथे गायकांची गरज नसते तिथेही, बसून राहायची. तिची लय आणि शब्दफेक इतकी अचूक का, याचं उत्तर इथे आहे. इटालियनमधली जोड-व्यंजनं ती किती नेमकी टाकते ते ऐका. भाषा येत नसली तरी वाक्याचा रोख कळतो.

तिच्या ‘नखऱ्यां’बद्दल वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्यातला एकच प्रसंग घेते. २ जानेवारी १९५८, रोमचं ऑपेरा हाउस, ‘नॉर्मा’, प्रेक्षकांत इटलीचे राष्ट्रपती ग्रोंकी. घसा बसलेला असताना ती उभी राहिली, पहिल्या अंकानंतर पुढे गाऊ शकली नाही, आणि बदली गायिका तयार ठेवलेली नव्हती. प्रयोग बंद पडला. देशभर शिव्यांचा पाऊस. पुढे कोर्टाचा निकाल तिच्या बाजूने लागला, पण तोवर कित्येक वर्षं गेली होती. बसलेल्या गळ्याने नॉर्मा गायचा प्रयत्न केला, एवढीच तिची चूक. आमच्या धंद्यात कुणीही सांगेल की तिने आधीच नकार द्यायला हवा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रमुख रुडॉल्फ बिंग यांनी तिचा करार रद्द केला. वाद वेळापत्रकाचा होता. लेडी मॅकबेथ आणि व्हायोलेत्ता आलटूनपालटून गायला ती तयार नव्हती. आवाज म्हणजे वर-खाली करणारी लिफ्ट नव्हे, अशा अर्थाचं तिचं उत्तर प्रसिद्ध आहे. लोकांनी याला गर्व म्हटलं. मला त्यात नऊ वर्षांपूर्वीचं व्हेनिस दिसतं. पंचविशीत ब्रुनहिल्डेवरून एल्विरावर उडी मारणारी हीच बाई. चौतिशीत तिला कळलं होतं की गळा आता ते देणार नाही. बिंगची तार आली त्या रात्री डॅलसमध्ये तिचा ‘मेदेआ’ होता. ती चवताळून गायली, असं मुद्रण ऐकताना वाटतं.

ग्रीक जहाजमालक ओनासिसचं प्रकरण सर्वांना माहीत आहे. १९५९ च्या उन्हाळ्यात त्याच्या बोटीवरची सफर, मेनेगिनींपासून वेगळं होणं, १९६८ मध्ये त्याने जॅकलिन केनेडीशी केलेलं लग्न. त्याच्यासाठी तिने गाणं सोडलं, असं सांगतात. मला हे उलटंही वाटतं: गाणं हातातून सुटायला लागलं होतं, म्हणून दुसरं आयुष्य हवंसं झालं. १९६० नंतर प्रयोग थोडेच. त्यातले लंडनच्या १९६४ मधल्या ‘तोस्का’चे झेफिरेल्लीच्या दिग्दर्शनातले प्रयोग मात्र वेगळेच, त्यातल्या दुसऱ्या अंकाचं चित्रीकरण झालं आहे आणि ते नक्की पाहा. मे १९६५ मध्ये पॅरिसला ‘नॉर्मा’चा शेवटचा प्रवेश तिला गाता आला नाही. ५ जुलै १९६५, कोव्हेंट गार्डन, ‘तोस्का’: हा शेवटचा ऑपेरा. वय एक्केचाळीस. ज्या वयात सोप्रानोचा आवाज खरा पिकतो, ते हे वय.

त्यानंतर पासोलिनीच्या ‘मेदेआ’ या चित्रपटात न गाता केलेली भूमिका, १९७३-७४ चा जुझेप्पे दि स्तेफानोबरोबरचा जगदौरा (तो ऐकू नका, निदान आधी तरी नको), आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिसच्या घरी हृदयविकाराने मृत्यू, त्रेपन्नाव्या वर्षी.

मधे १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियर्ड स्कूलमध्ये तिने घेतलेले वर्ग आहेत. त्यांची मुद्रणं उपलब्ध आहेत आणि तुमच्या मुलीला ती सगळ्यात जास्त उपयोगी पडतील. तिथे ती कुणालाही स्वतःसारखं गायला सांगत नाही. ताल, शब्द, श्वास कुठे घ्यायचा, तान कशासाठी आहे, एवढंच. अधूनमधून थकलेल्या आवाजात दोन ओळी गाऊन दाखवते.

ऐकायला सुरुवात कराल तर १९५३ च्या ‘तोस्का’ने करा: दे साबाताचं संचालन, स्कार्पिया तीतो गोब्बी, मुद्रण मिलानचं. दोन तास, गोष्ट सरळ, भाषांतर हातात धरून ऐका. मग बर्लिनची ‘लुचिया’, मग लिस्बनमधली मार्च १९५८ ची ‘त्राव्हियाता’, जिच्यात आवाज थकलेला आहे पण एकही जागा रिकामी नाही. ‘नॉर्मा’ त्यानंतर. ती तिने नव्वदीच्या आसपास वेळा गायली, आणि तिच्यातल्या चंद्रदेवीच्या प्रार्थनेने सुरुवात केली तर लांबच लांब सुरावळीचा आलाप म्हणून तुम्हाला ती कदाचित सगळ्यात जवळची वाटेल.

मुलीसाठी एक सांगते. तिला कॅलास ऐकू द्या, पण खालच्या सुरांतला तो जाड चेस्ट व्हॉइस तिने घरी करून पाहू नये. हिंदुस्थानी शिकलेल्या मुलींना तो आपसूक येतो, मजा वाटते आणि तो वर ओढत नेण्याची सवय लागते. मग ती सवय मोडायला वर्षं लागतात. नमुना म्हणून हलका, स्वच्छ आवाज लागेल तेव्हा मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओंचं गाणं ऐकवा. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा त्याच तिथे गायल्या होत्या. पहिली दोन-तीन वर्षं जुनी सोपी इटालियन गाणी, मोत्सार्ट, श्वासाचे पाठ. शिक्षिकेने पुच्चिनी लवकर हातात दिला, तर का म्हणून विचारा.